नंबर पडलेले चार हजार फोटो

माझी लेक रागावत नाही, याची मला चार दिवस धास्ती वाटतेय. लहानपणी ती ताट सरकवायची, दार आपटायची, आणि अर्ध्या तासात सगळं ओसरायचं. आता मात्र पोटभर जेवते, भांडी घासून ठेवते आणि घासताना गुणगुणते.

चौतीस वर्षांची आहे. जिन्याखालच्या गाळ्यात जुने कॉम्प्युटर दुरुस्त करते. 'नवा घ्या' म्हणून सगळीकडून परत पाठवलेली माणसं शेवटी तिच्याकडे येतात. आजारी हार्ड डिस्कची आधी जशीच्या तशी नक्कल उतरवायची आणि दुरुस्ती त्या नकलेवरच करायची, हा तिचा नियम. एकदा मी विचारलं, डिरेक्टरी, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे ती यादी, बिघडते म्हणजे नक्की काय होतं? म्हणाली, "आई, बिल्डिंगच्या दारातला नावांचा फळा पडला तर माणसं घर सोडून जातात का? आतच असतात. फक्त पोस्टमन परत जातो. घाईत आपोआप दुरुस्ती चालवली, की तो शहाणा कॉम्प्युटर माणसांना बाहेर काढतो, नावं पुसतो आणि गळ्यात नंबर अडकवतो."

हे तिला सरांनी शिकवलं. त्यांच्याच दुकानात ती आधी नोकरीला होती. सर शिकवायचे, पाळायचे मात्र नाहीत. तीन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या फोटोग्राफरकाकांची डिस्क सरांच्या दुकानात आली. नक्कल न काढता सरांनी थेट दुरुस्ती चालवली आणि काकांना सांगितलं, "सगळं गेलं. काल संध्याकाळी पोरीनं हात घातला." बाजू मांडायला पोरगी दुकानात नव्हतीच. ती माझ्याशेजारी हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती. तिच्या बाबांचं हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं. पुढच्या आठवड्यात काका तिला भर रस्त्यात म्हणाले, "बत्तीस वर्षांचं काम खाल्लंस माझं." नोकरी गेली. नंतर स्वतःचा गाळा घेतला, तर वर्षभर कुणी पायरी चढेना. तिचे बाबा गेले ते हाच सल घेऊन.

आणि सोमवारी सर आले. जुना कॉम्प्युटर काखेत, घामाघूम. मी डबा द्यायला गाळ्यात गेले होते.

"डिरेक्टरीत चूक आहे म्हणतोय गं. पंधरा वर्षांची गिऱ्हाइकं आहेत यात. दोन दुकानांनी नाही म्हटलं."

"मी हात घालू?" लेकीनं विचारलं. "गेलं तर?"

सर हसले. "झालं गेलं विसरावं माणसानं. काय वहिनी? बारीक झालात तुम्ही."

हातात भरलेला डबा होता. अन्नाचा मान ठेवला, एवढंच.

तिनं नक्कल काढली. दोन दिवस बसून फळ्यावरचं एकेक नाव जागेवर लावलं. आज दुपारी मला हाक मारली, "आई, ये जरा."

पडद्यावर चार हजारांवर फाइली होत्या. नाव एकीलाही नव्हतं, नुसते नंबर. तिनं एक उघडली. दोन वेण्यांतली एक मुलगी ताठ बसलेली, मागे निळा पडदा. तो पडदा मी ओळखते. माझाही पासपोर्टचा फोटो त्याच्यापुढेच काढलाय. काकांच्या डिस्कचे हे तुकडे सरांच्या कॉम्प्युटरवर उतरले होते, आणि सरांनी ते कधी उघडूनसुद्धा पाहिले नव्हते. शेजारीच दुरुस्तीची नोंद होती, ऑपरेशनच्याच दिवसाच्या तारखेसकट. वेळ दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

"तेव्हा बाबांना नुकतंच आत नेलं होतं," ती म्हणाली.

"काकांना सांग. आत्ता सांग."

"गिऱ्हाइकाच्या डिस्कमधलं बाहेर सांगायचं नसतं."

"मग काय करणार आहेस?"

"उद्या अकराला सर येतील. ऐन वेळी डिस्क कोरी करून हातात ठेवीन. नक्कलही पुसणार. म्हणेन, सर, सगळं गेलं."

"आणि काकांचे फोटो?"

"भर रस्त्यात काय म्हणाले होते ते, विसरलीस?" एवढं बोलून तिनं डबा उघडला आणि शांतपणे जेवायला लागली.

रात्रभर मी हेच उगाळतेय. मी काही संत नाही. सरांचा चेहरा पडलेला मलाही बघायचाय, आणि अगदी जवळून. पण डिस्क कोरी झाली तर त्यांचं खोटं खरं होईल ना! पोरीनं हात घातला आणि सगळं गेलं, असं तेच पुन्हा गावभर सांगतील, आणि या वेळी ते खरं असेल. बारा वाजून दहा मिनिटांची ती नोंद आमच्याच हातांनी पुसलेली असेल. इतकी हुशार पोर, पण रागाच्या भरात तिला एवढंही दिसत नाही.

गिऱ्हाइकाचं बाहेर न सांगण्याचा नियम तिचा आहे. मी दुरुस्तीवाली नाही. उद्या ती माझ्याशी बोलणार नाही, दार आपटेल. आपटू दे.

स्टुडिओ आठला उघडतो. काकांचा नंबर मी वहीत रागानं खोडला होता, पण खोडलेलाही वाचता येतो. आठ वाजून एका मिनिटानं फोन लावणार आणि म्हणणार, "काका, तुमचे फोटो आहेत. साडेदहाला लेकीच्या गाळ्यात या, आणि तिथं असलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून राहा. अकराला कुणीतरी येणार आहे. त्याला उभंच राहू दे."