भेव पुढच्या टायरचं की मागच्याचं?

गाडीवाले एकत्र बसले की त्यांचे किस्से सुरू होतात, आणि ते सगळे पुढच्या सीटवरचे असतात. कशी कट मारली, कसा ब्रेक दाबला, कसा ट्रक मागं टाकला! त्या वेळी मागं कोण बसलं होतं आणि तो कुठल्या देवाचा धावा करत होता, हे कोणी विचारत नाही. मी सत्तर सालानंतरची बरीच वर्षं मागच्या सीटवर काढली. त्यामुळे माझ्याकडे साठलेले किस्से सगळे भीतीचेच आहेत.

मी साकोलीला तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, एका ठेकेदाराकडे मुंशी होतो. उन्हाळ्यात जंगलाच्या कडेनं जागोजागी फळ्या लागत. फळी म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथं लोकांनी तोडून आणलेल्या पानांचे पुडे मोजून वाळत घालतात. दिवसभरात अशा फळ्या तपासत फिरायचं तर फटफटीशिवाय इलाज नव्हता.

पण फटफटी मी चालवायची नाही, हे घरात ठरलेलं होतं. माझा धाकटा भाऊ हायवेवर फटफटीवरूनच गेला. त्याच्या तेराव्याच्या दिवशी मायनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, "हँडलले हात लावशीन तं मायं मेलं तोंड पाहाशीन!"

मागच्या सीटबद्दल ती काही बोलली नाही. नोकरी टिकवायची होती, म्हणून मी मागं बसत आलो आणि रोज भीत आलो. तिचा एक पोरगा गेला होता, दुसऱ्यानं संध्याकाळी घरी पोचायचं होतं. माझी सगळी काळजी एवढीच होती.

*

आमच्या टोळीत गाडीवाले तिघं. दिनकर सगळ्यात तरणा आणि सगळ्यात जोरात चालवणारा. मारोतीभाऊ आसगावचे, वयानं मोठे आणि चालीनं बैलगाडीच्या बरोबरीचे. तिसरा कवडू, एरवी तलावात मासोळ्या धरणारा आणि उन्हाळ्यात आमच्याकडे कामाला येणारा.

सीझनच्या तोंडाशी हे तिघं टायर बदलायला हायवेवरच्या चाचांच्या दुकानात जात. चाचांचा एक नियम होता. गिऱ्हाईक गाडी कसं चालवतं हे पाहिल्याशिवाय ते टायर देत नसत. स्वतः मागं बसायचे, नाक्यापर्यंत जाऊन यायचे आणि मग सांगायचे, हा घ्या, तो घेऊ नका.

दिनकर पहिल्यांदा आला तेव्हा चाचा नेहमीसारखे मागं बसले. गेले, आणि आम्ही विडी पेटवायच्या आत परत आले! उतरले, स्टुलावर बसले, लोटाभर पाणी अर्धं प्यायले आणि अर्धं डोक्यावर ओतलं.

"चाचा, कोनता टायर देता?" दिनकरनं विचारलं.

"तेरे को टायर नहीं देता," चाचा म्हणाले. "तेरे को बैल देता!"

*

त्या दिवसापासून चाचांनी मागं बसणं सोडलं. पण नियम काही सोडला नाही. मला म्हणाले, "मुंशीजी, रोज पीछे तुम ही बैठते ना? तुम बोलो, डर कहाँ लगता है? मोड़ पे, ब्रेक पे, कि गिट्टी पे?"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माझ्या भीतीची एवढी बारकाईनं चौकशी केली होती! मीही मोकळा झालो. दिनकर वाऱ्यासारखा जातो आणि अगदी शेवटी ब्रेक दाबतो. तेव्हा पुढचं चाक डाव्या-उजव्या बाजूला तोंड फिरवतं आणि माझं कपाळ त्याच्या डोक्यावर आपटतं. म्हणजे भेव ब्रेकवर लागते.

"पुढचा टायर!" चाचा म्हणाले आणि लांब सरळ रेघांचा कोरा टायर काढून दिनकरच्या पुढच्या चाकाला चढवला. मागं साधाच ठेवला.

दिनकर हिरमुसला. त्याला गुठळ्यांचे बटन टायर हवे होते, रुबाबासाठी. "शंकरभाऊ, गाडी मायी अन् टायर तुमच्या भेवाचा? हा कोनता न्याय हाय?"

"तू पुढं पाहून चालवतं," मी म्हटलं. "मी मरन पाहून बसतो."

*

मारोतीभाऊंच्या बाबतीत चाचा बुचकळ्यात पडले. कारण मारोतीभाऊ चालवताना दोन्ही पाय जमिनीवर घासत न्यायचे. चढ असो, उतार असो, डांबर असो की मुरूम असो. त्यांचे टायर वर्षानुवर्षं कोरे राहत आणि चपला महिन्यात जात.

"इनको टायर क्या दूँ? चप्पल का रबर दूँ?" चाचा म्हणाले.

तुम्हाला वाटेल, अशा माणसाच्या मागं काय भीती! एकदा हायवेवर मागून ट्रक आला आणि हॉर्न देऊ लागला. मारोतीभाऊ सभ्य माणूस. ट्रकला आधी जाऊ द्यावं म्हणून त्यांनी गाडी थांबवली, ती रस्त्याच्या बरोबर मधोमध!

ट्रकचे ब्रेक किंचाळले. मी मान वळवली तर बंपर माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर होता आणि इंजिनाची गरम वाफ माझ्या सदऱ्यात शिरत होती. मला भावाची आठवण आली. ट्रकवाला खाली उतरून शिव्या द्यायला लागला.

मारोतीभाऊ शांतपणे म्हणाले, "तुले जाऊ देऊन राहिलो न बाप्पा. तू काहून थांबला?"

*

कवडूनं चाचांचं कधी ऐकलं नाही. त्याला वाटेतला प्रत्येक तलाव पाहून जायचं असे, आणि गाळात चाक फसू नये म्हणून तो दोन्ही टायरमधली अर्धी हवा सोडून द्यायचा. गाळातून गाडी झकास निघे. पण हवा पुन्हा भरायला त्याला कधी आठवत नसे. मग डांबरी रोडवर ती गाडी दारू प्यायल्यासारखी झुलत जायची.

एकदा असंच एका बोडीवरून, म्हणजे लहान तलावावरून निघालो. कवडूनं पाण्यानं ठिबकणारं एक पोतं माझ्या मांडीवर ठेवलं. "मरळ हाय, धरून बसा. जित्ती हाय."

गाडी झुलत होती, पोतं वळवळत होतं. थोड्या वेळानं पोत्यातून काहीतरी थंडगार बाहेर आलं आणि माझ्या सदऱ्याखालून पोटावर चढायला लागलं. मासोळी काही पोटावर चढत नाही, एवढं मलाही कळत होतं.

"कवडू," मी अगदी हळू आवाजात म्हटलं, कारण मोठ्यानं बोलायची ताकदच नव्हती, "तुयी मरळ चढून राहिली ना बे."

कवडूनं मागं पाहिलं. "हा तं पानसाप व्हय! काही करत नाही तो. पन हालू नोका."

अर्ध्या हवेच्या टायरवर न हलता कसं बसायचं, हे त्यानं सांगितलं नाही. फळी येईपर्यंत मी श्वास घेतला की नाही, मला आठवत नाही.

*

एका वर्षी ठेकेदारालाच उत्साह आला. चाचांना न विचारता, मला न विचारता त्यानं नागपूरहून तिघांच्याही गाड्यांच्या मागच्या चाकांसाठी रिमोल्ड टायर आणवले. म्हणजे जुन्या टायरवर नवा रबरी पट्टा चिकटवलेला. दिसायला अगदी नवरदेव!

मारोतीभाऊंचा तो टायर काय घासणार होता? कवडूचाही टिकला. दिनकरचं मात्र तसं नव्हतं. मे महिन्याचं ऊन, तापलेला डांबरी रोड आणि त्याचा तो वेग. फॉरेस्टच्या नाक्याजवळ मागचा पट्टा सुटला आणि मडगार्डवर फटाफट आपटायला लागला. बंदुकीचेच बार!

दिनकरनं गाडी कशीबशी आवरली. नाक्यावरचा गार्ड तोवर खाटेखाली शिरला होता. सगळं शांत झाल्यावर त्यानं डोकं बाहेर काढलं. "कोनाले लागली?"

मी दोन्ही हातांनी पाठ, पोट, मांड्या चाचपत होतो. म्हटलं, "पाहून राहिलो!"

*

हे किस्से फिरत फिरत घरी पोचलेच.  दुसऱ्या दिवसापासून माय सकाळी दारात उभी राहायला लागली आणि गाडीवाल्याची मुलाखत घ्यायला लागली. टायरबियर तिच्या हिशेबात नव्हते.

"लेकरं किती?" तिनं मारोतीभाऊंना विचारलं.

"चार हायेत, माय."

"जाय, बस याच्या मागं."

कवडूला एकच मूल होतं. त्याला तिनं बराच वेळ न्याहाळलं आणि "रोडच्या कडेकडेनं जाजो" या अटीवर सोडलं.

दिनकरला विचारलं, "तुयं लगन झालं का?"

"नाही, माय. पाहून राहिलो."

"मंग तू एकटा जाय!" आणि मला हाताला धरून आत घेतलं.

त्यानंतर दिनकर मला न्यायला आला की बसस्टँडच्या मागं थांबायचा, आणि मी चोरासारखा तिथपर्यंत चालत जायचो. मायच्या डोळ्याला डोळा द्यायला त्या दिवसांत मला जड जाई.

*

आता तो नागझिऱ्याकडच्या टेकडीचा दिवस. टेकडीच्या पायथ्याशी आमची फळी होती. दिनकर आणि मी वरच्या वाटेनं तिकडं उतरत होतो. आदल्या दिवशीच्या वादळानं एक मोठी फांदी वाटेत आडवी पडली होती. दिनकरनं गाडी न्यूट्रल केली आणि खाली उतरला. "शंकरभाऊ, हँडल धरा."

"मी हँडल धरत नाही," मी म्हटलं. मागच्याच सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीवर रोवले आणि गाडी तशीच मांड्यांत आवळून धरली. दिनकर हसला, उतारानं खाली गेला आणि फांदी ओढायला लागला.

फांदी बाजूला झाली आणि तेवढ्यात माझ्या मागं वाळली पानं वाजली. मी वळून पाहिलं. अस्वल होतं. पाठीवर पिल्लू घेतलेलं. आमच्याकडे वाघाला माणूस इतका भीत नाही. वाघ वाट सोडतो. पिल्लूवाली अस्वलीण सोडत नाही.

"शंकरभाऊ!" दिनकर एकदाच ओरडला आणि बाजूच्या झाडावर चढला. अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली, पुन्हा खाली टेकली आणि धावत निघाली ती सरळ माझ्यावर.

मी काही ठरवलं नाही. पाय आपोआप उचलले गेले आणि गाडी उताराला लागली. पुढची सीट रिकामी. रिकाम्या सीटवर पोट टाकून मी दोन्ही हातांनी हँडल धरलं. दिनकरचं झाड बाजूनं गेलं. वर पाहायची हिंमत झाली नाही. पायाचा ब्रेक लांब होता, म्हणून हाताचा दाबत राहिलो. मुरमावर ते रेघांच्या टायरचं पुढचं चाक एकदाही वाकडं गेलं नाही. चाचांची आठवण मला तेव्हा आली नाही, कशाचीच आली नाही. मी फक्त ओरडत होतो.

फळीवर पानं उलटवणाऱ्या बायांनी पाहिलं, पुढं कोणी नाही आणि मागच्या सीटवरचा मुंशी बोंबलत गाडी आणतोय! गाडी वाळत घातलेल्या पुड्यांवरून गेली आणि पोत्यांच्या थप्पीत घुसून थांबली. सगळी फळी खो-खो हसली.

"दिनकर कुठं हाय?" फळीवर आधीच आलेल्या मारोतीभाऊंनी विचारलं, आणि हसणं थांबलं.

मी फक्त टेकडीकडे हात केला. मारोतीभाऊंनी किक मारली. मी मागं बसलो. कवडू आणि बाकीचे लोक डबे बडवत, आरोळ्या देत मागं धावले. त्या चढावर मारोतीभाऊंनी दोन्ही पाय उचलून वर ठेवले. पहिल्यांदाच. मला त्याचंच जास्त भेव वाटलं.

झाडाखाली दिनकरची एक चप्पल होती. खोडाच्या सालीवर ताजे ओरखडे होते. झाड रिकामं होतं.

"दिनकर!" मी हाक मारली. उत्तर नाही.  त्याच्या मायला हे कोण सांगणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात कवडूनं वर बोट केलं. शेजारच्या मोहाच्या पार शेंड्याला दिनकर खोडाला मिठी मारून बसला होता. एका झाडावरून दुसऱ्यावर कसा गेला, त्यालाच ठाऊक. अंगावर ओरखडा नव्हता, पण वाचा गेली होती. त्याला उतरवून फळीवर निजवलं. अंगात ताप भरला होता. मारोतीभाऊ मला घेऊन साकोलीला निघाले, जीप आणायला.

ठेकेदाराची जीप फळीकडे धाडून घरी पोचलो तर माय दारातच उभी होती. पानांच्या ट्रकबरोबर गावात अर्धीमुर्धी बातमी आधीच आली होती. तिनं माझे दोन्ही तळहात उलटे केले. उन्हानं विरघळलेलं हँडलचं काळं रबर तळव्यांवर चिकटलं होतं.

"माय..." मी म्हटलं.

ती आत गेली, चुलीतली राख घेऊन आली आणि माझे हात घासायला बसली. काळं निघेपर्यंत घासले, पाणी ओतलं आणि पदरानं पुसले.

"दिनकर जित्ता हाय न?"

"हाय, माय."

"त्याच्या मायले कोनी सांगतलं?"

"नाही," मी म्हटलं. दिनकरचं घर हायवेच्या पलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिनं पायात चप्पल घातली, लुगडं सावरलं आणि मारोतीभाऊंच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. त्यांच्या खांद्याला गच्च धरलं.

"बजारातल्या कोनी काहीबाही सांगाच्या आधी पोचव मले," ती म्हणाली. "हान जोरानं!"