बातमी पसरण्याचं समीकरण

साथीचा ताप पसरण्याचं समीकरण घेऊन मी त्या वर्षी गावभर उंडारत होते. मी गणितात एम.एस्सी. करत होते आणि तो, शिरोळहून शिकायला आलेला मुलगा, वनस्पतिशास्त्रात. उसावरचा तांबेरा रोग शेतात कसा पसरतो, याचं गणित त्याला मांडून हवं होतं. समीकरण तापाचंच, माणसांच्या जागी पानं धरायची. ते जमलं आणि मला चढलीच. चहा निवण्याचं मांड, सिग्नलला तुंबणाऱ्या गाड्यांचं मांड. मधल्या मधे उसाच्या सरीत पानं तपासता तपासता आम्ही प्रेमात पडलो, ते मात्र मांडायचं राहिलं.

लग्न करायचं तर याच्याशीच. पण घरी सांगायची छाती होत नव्हती. पप्पा नाही म्हणाले तर? मग मीच शक्कल लढवली. बातमी तरी वेगळी कुठं पसरते? गावभरची माणसं धारोष्ण दूध प्यायला जमतात त्या दूधकट्ट्यावर आपण उजळ माथ्यानं जायचं. तिथून बातमी मंगळवार पेठेत आमच्या घरी पोचायला, समीकरण सांगत होतं, आठवडा लागेल. तेवढ्यात धीर करून आपणच सांगायचं. सुरुवातीला बातमी ठाऊक असलेली माणसं किती? दोन लिहिली, तो आणि मी.

संध्याकाळी कट्ट्यावर गवळीमामांनी समोरच म्हशीची धार काढून फेसाळते पेले हातात दिले. त्याच्या मिशीला फेस लागला, तो मी चारचौघांत पुसला. इतकी खूश मी परीक्षेत पहिली आल्यावरही नव्हते. मामांनी न विचारता माझ्या पेल्यात आणखी धार सोडली.

घरी आले. पप्पा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "नुसतं दूध पाजून धाडलंस व्हय त्याला? रविवारी घिऊन ये की. तांबडा-पांढरा रस्सा करू."

मी चपला न काढताच स्वयंपाकघरात गेले. भाकरी थापता थापता आईनं सांगितलं, की मामांचा आत्ताचा फोन तर काहीच नाही, दिवाळीआधीच कुणीतरी आम्हाला रंकाळ्यावर पाहिलं होतं आणि पेठ तेव्हापासून आमच्या सांगण्याची वाट बघत होती. मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

तशीच त्याला फोन लावला. म्हटलं, समीकरण बरोबर होतं, फक्त सुरुवातीची माणसं दोन नव्हती, अख्खी पेठ होती.

"थांब जरा," तो म्हणाला, "शिरोळवरनं आईचा फोन येतोय."