चांदी न धरणाऱ्या टिकल्या

"चांदीला घाई सोसत नाही अन् कोळशाला घाण," असं महिपती नेहमी म्हणायचा. कर्वेनगरच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळेचा मदतनीस. वाशीमकडच्या खेड्यातून आलेला, दहावी नापास. पण कार्बनची टिकली मखमलीवर घासून आरशासारखी करावी, शुद्ध पाण्यानं धुवावी, चांदीच्या द्रावणात बुडवून मुंगीच्या पावलानं वीज सोडावी, ती त्यानंच. काळ्या टिकलीवर चांदणं उतरावं तशी चांदी चढायची. त्या टिकल्यांचे इलेक्ट्रोड करून मैत्री नावाची संशोधक मुलगी विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट मोजायची. तिची तीन वर्षं त्यात गेली होती.

एका बुधवारी शुद्ध पाणी काढायचं यंत्र चालू ठेवून महिपती टपरीवर चहाला गेला, गप्पांत रमला. आतलं पाणी आटलं, कॉइल जळाली. वीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. सांगायला जीभ रेटेना. रविवारी बुधवार पेठेतून नवी कॉइल आणून गुपचूप बसवू, असं ठरवून त्यानं शुद्ध पाण्याचा कॅन नळाखाली धरला. नुसतं धुवायलाच तर लागतं, पाणी ते पाणी, असं त्यानं मनाला समजावलं.

पण नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडनं घात केला. चांदी डागाडागानं बसली, बोट लागताच पोपडे सुटू लागले.

शनिवारी मंदाकिनी मॅडमनी, म्हणजे मैत्रीच्या मार्गदर्शकांनी, वही मिटली. "आधीचे आकडे देखणे, या चार दिवसांचे भयंकर. आधीचे घरी बसून लिहिलेत का?"

"नाही हो, मॅडम!"

"मग सोमवारी पीएच.डी.च्या समितीला काय दाखवणार आपण? पोपड्यांची रांगोळी?"

मैत्रीनं वही पुन्हा उघडली. "टिकल्या महिपतीकाकांच्या हातच्या आहेत, त्यांत खोट नसणार. माझंच काही चुकलं असेल."

कोपऱ्यात काचसामान पुसणाऱ्या महिपतीला वाटलं, थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं. तो उठला. कॅनमधलं पाणी त्यानं चंचुपात्रात घेतलं, दोघींसमोर ठेवलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब सोडले. पाण्यात दुधाळ ढग उठला. शुद्ध पाणी असं कधी गढुळत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"नळाचं हाय, मॅडम. माह्याच हातानं भरलं. यंत्र जळालं, सांगाची लाज वाटली."

मॅडम ढगाकडे बघत राहिल्या. "चार दिवस पुरली. टिकाऊ दिसते तुमची लाज." मग मैत्रीकडे वळल्या. "तुमचे जुने आकडे खरे आहेत. समितीशी मी बोलते."

"ताई..." महिपती म्हणाला.

"चार दिवस मी स्वतःलाच खोटी समजत होते, काका."

 महिपतीनं ॲप्रन खुंटीला अडकवला, वहाणा पायांत सरकवल्या. फाटकावरच्या वॉचमननं रामराम घातला, तरी मान वर झाली नाही. कडेकडेनं, भिंतीला धरून तो चालत गेला. वरच्या खिडकीतून मैत्री बघत होती. तो वळणाआड होईस्तोवर ती तिथंच उभी होती, पण तिनं हाक मारली नाही.