चांगल्या डोळ्यावरची पट्टी

मधल्या सुट्टीत फोन आला. "बाई, आपा गेल्या... झोपेतच." डॉक्टर शकीलाआपा शहरातून दरसाल आमच्या शेंद्र्याच्या शाळेत मुलांचे डोळे तपासायला यायच्या. घास तसाच डब्यात ठेवला. आणि खरं सांगते, रडू फुटायच्या आधी मनात आली ती दुसरीतली वैष्णवी. आता त्या पोरीचं कसं व्हायचं?

शाळेतल्या आरोग्य शिबिरात एका वर्गात हाडांचे डॉक्टर मुलांना चालवून बघत, दुसऱ्यात आपा. मुलांना स्वतःचा डोळा झाकू द्यायच्या नाहीत. "फटीतून बघतेत लबाड," म्हणत आपलाच तळवा ठेवायच्या. वैष्णवीचा डावा डोळा झाकला, तर पोरीनं घडाघडा वाचलं. उजवा झाकला आणि... कडकडून चावलीच की हाताला! मी खेकसले. आपा माझ्यावरच ओरडल्या, "खबरदार, बाई! दिसंना गेलंय तिला. घाबरली ती."

डावा डोळा अधू होता. चष्मा लावायचा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची, म्हणजे अधू डोळा कामाला लागतो. पण लहानपणीच; पुढं फार अवघड. वैष्णवीचे आईबाप कंपनीत कामाला, घरात शब्द आजीचा. आजीनं पट्टी टरकन ओढून काढली. "चांगला डोळा बांधून पोरगी आंधळी करता व्हय?"

आपा मला घेऊन तिच्या दारात गेल्या. त्याही काही कमी तापट नव्हत्या. "मावशी, हा डोळा गेला तर मग मला शिव्या देऊ नका!"

"अन् पोरगी पडली-झडली तर?"

"मी उचलीन."

आणि खरंच, दुपारभर पोरीच्या मागं मागं फिरल्या. पोरगी उंबऱ्याला अडखळली, भोकाड पसरलं, आजीचा जीव खालीवर... आपांनी उचललं, पट्टी मात्र सोडली नाही. पुढं दर रविवारी त्या जायच्या. आजी पट्टी बांधायची ती निव्वळ आपांच्या धाकानं, असंच मला वाटायचं. आता धाक घालणारंच माणूस उरलं नव्हतं.

आपांच्या जियारतीला, तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला, जाऊन आले आणि तशीच आजीकडं गेले. अंगणात वैष्णवी पाठमोरी खेळत होती. बातमी ऐकून आजी उंबऱ्यावरच बसली. मी चाचरत विचारलं, "पट्टी... बांधता ना?"

आजी उसळली. "आपा गेल्या म्हनून पोरीचा डोळा बी जाऊ द्यू का? काय बोलता, बाई!"

आवाज ऐकून वैष्णवी वळली. चष्म्याआड उजव्या डोळ्यावर पट्टी होती. अंगणाच्या त्या टोकावरून माझ्याकडं बघत राहिली, आणि म्हणाली, "आजे, बाई रडू लागल्यात."