सी ड्राइव्हमधलं कळमेश्वर

अनंतराव सगदेवांशी माझी ओळख भांडणातूनच झाली. सुभाषनगरात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर ते राहतात. दोन वर्षांपूर्वी एक दिवस जुना कॉम्प्युटर छातीशी धरून ते खाली आले. म्हणाले, "चंद्रभानजी, यात मी लिनक्स टाकलं आहे. आता यावर विंडोजचा एक खेळ चालवायचा आहे."

"मंग विंडोजच टाका नं साहेब! काहून डोकं खराब करून राहिले?"

"नवं विंडोज या मशीनला झेपत नाही. आणि चोरीचं मी टाकत नाही. लिनक्स फुकट मिळतं."

पाटबंधारे ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. सरकारी पेन्सिलसुद्धा घरी नेली नसेल. माझ्या दुकानातली तिन्ही मशीनं चोरीच्या विंडोजवर चालत होती, त्यामुळे मला जरा जास्तच राग आला.

खेळ त्यांच्या बायकोसाठी होता. चारुशीलाबाई. २००४ साली ही मंडळी कळमेश्वरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होती, तेव्हापासून बाई तो खेळायच्या. पडद्यावर एक मोठं घर, त्यात पसारा, खाली यादी. किल्ली शोधा, छत्री शोधा, कंगवा शोधा. आता बाईंना सकाळी काय जेवले ते आठवत नव्हतं, पण छत्री कुठे आहे ते हाताला बरोबर ठाऊक होतं. विंडोज बिघडलं, खेळ बंद पडला आणि बाई रोज संध्याकाळी पिशवी उचलून "घरी जाते" म्हणू लागल्या. एकदा तर ऑटो करून काटोल नाक्यापर्यंत पोचल्या आणि कळमेश्वरची बस विचारत उभ्या राहिल्या. पुण्याला असलेल्या मुलीने, चिन्मयीने, वडिलांना बजावलं, आई आणखी एकदा बाहेर पडली तर मी तिला इकडे पुण्यात विस्मृतीच्या रुग्णांच्या संस्थेत ठेवीन. अनंतरावांच्या जिवाला तोच घोर होता.

माझ्याच दुकानात बसून त्यांनी आठ दिवसांत खेळ चालवून दाखवला. लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवणारा एक प्रोग्राम असतो, त्याचं नाव वाइन. एकादशी न चुकवणारा माणूस दिवसभर वाइन-वाइन करत होता.

"सोपं आहे हो," ते म्हणाले. "खेळ आल्या-आल्या विचारतो, सी ड्राइव्ह कुठे? लिनक्समध्ये तो नसतोच. मग त्या नावाचा एक फोल्डर करून ठेवायचा. जुनी तारीख मागितली, जुनी सांगायची. नसलेली वस्तू मागितली तरी नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की बंद पडतो. हो म्हटलं की त्याला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

मला तेव्हा हसू आलं होतं.

बाई खेळापुढे तासभर शांत बसायच्या. मशीन बंद केलं की पुन्हा पिशवी हातात. मग अनंतरावांनी दुसरं काम काढलं. आधी माझ्याकडून एका कडुनिंबाचा फोटो मोठा करून घेतला, सोळा कागदांवर. मला वाटलं, हौस असेल. महिन्याने काही कामासाठी वर गेलो तर मी दारातच थबकलो. भिंती पिस्ता रंगाच्या झाल्या होत्या. टीव्ही गायब होता. हॉलमध्ये लोखंडी पलंग आला होता आणि खिळ्याला २००४ चं कॅलेंडर होतं. ज्या खिडकीतून मेट्रोचे खांब दिसायचे, तिच्यावर आतून माझे सोळा कागद चिकटवलेले होते, म्हणजे कळमेश्वरच्या क्वार्टरसमोरचा निंब.

तेवढ्यात बाहेरून मेट्रो गेली आणि कागदाचा निंब थरथरला.

"वारा सुटला वं, जिजाबाई," चारुशीलाबाई म्हणाल्या. "कपडे काढ बरं."

जिजाबाई म्हणजे दिवसभर घरात राहणारी कामवाली. ती गॅलरीत गेली. दोरी रिकामी होती. तिने त्या रिकाम्या दोरीवरून एकेक कपडा काढला, आत आणून घड्या घातल्या आणि पलंगावर ठेवल्या. बाईंनी वरच्या घडीवर हात फिरवून ती नीट केली.

पण बाईंचं बाहेर पडणं थांबलं, हे खरं. चिन्मयीही खूश होती. अडचण एकच उरली. त्या २००४ च्या घरात अनंतराव चव्वेचाळीस वर्षांचे होते. एक दिवस बाई जिजाबाईला म्हणाल्या, "हे म्हातारे कोण बसले आहेत? आमचे हे ऑफिसातून यायच्या आत यांना जायला सांग."

अनंतराव खाली येऊन माझ्या बाकावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी चहा सांगितला, तो गार झाला.

दुसऱ्या दिवशी केस काळे करून, डबा घेऊन, साडेनऊला ते घरून निघाले. जाणार कुठे? दिवसभर माझ्याच दुकानात बसले. एक वाजता डबा खाल्ला आणि पावणेसहाला वर गेले. "आलात?" असा बाईंचा आवाज जिन्यातून मला खाली ऐकू आला. किती दिवसांनी ऐकला असेल त्यांनी तो शब्द! मग रोजचाच हा नेम झाला.

मी चिडवायचो, "साहेब, पगार कोन देते तुमाले?" ते हसायचे. दिवाळीनंतर मात्र हसणं बंद झालं. "एक तारखेला होतो नं," असं सरळ उत्तर यायला लागलं. माझ्या कोऱ्या वहीत ते आवक-जावक लिहू लागले. शेवटी एका दुपारी मान वर न करताच म्हणाले, "नत्थूजी, पाणी आणा."

नत्थूजी त्यांच्या ऑफिसातला शिपाई. तो वारून बारा वर्षं झाली होती. त्याच्या मयतीला गेल्याचं अनंतरावांनीच मला सांगितलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. मी उठलो आणि पाणी आणून दिलं. घाबरलो तो त्यानंतर. त्यांना काय झालं ते कळत होतं, पण मी काहून उठलो?

रस्त्यावर आणून त्यांना मेट्रो दाखवली. "हे का होय साहेब?"

"कुठे काय?" ते म्हणाले.

मी चिन्मयीला फोन केला. चुगली केल्यासारखं वाटलं, पण केला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली. पुण्याची तीन तिकिटं तिच्या हातातच होती. मी तिच्यासोबत वर गेलो.

दार अनंतरावांनी उघडलं. काळे केस, हातात डबा. "या. कोणाकडे आलात?"

"बाबा," चिन्मयी म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नत्थूजी, या कोण?"

चारुशीलाबाई खेळ सोडून उठल्या आणि जवळ येऊन चिन्मयीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आई आहे, आता ओळखेल.

"तुम्ही शाळेतल्या बाई का?" त्या म्हणाल्या. "आमची चिन्मयी आताच गेली शाळेत. काय झालं तिला? पडली का?" त्यांचा चेहरा पांढरा पडला. खुंटीवरची पिशवी त्यांनी काढली, पायात चप्पल सरकवली. "चला हो, पोरीला काहीतरी झालं आहे." अनंतरावांनी लगेच डबा खाली ठेवला. दोघंही दाराकडे निघाले. जिजाबाई भिंतीला टेकून उभी होती.

चिन्मयी दारातच होती. ती बाजूला झाली असती तर दोघं जिना उतरून कुठे गेले असते, देव जाणे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"काही झालं नाही तिला," चिन्मयी म्हणाली. आवाज फुटला होता, तो तिने सावरला. "मी तिची वर्गशिक्षिका. सहज भेटायला आले. हुशार आहे तुमची मुलगी."

बाईंनी मोठा श्वास सोडला. पिशवी खुंटीवर गेली. चिन्मयीचा हात धरून त्यांनी तिला पलंगावर बसवलं.

"हुशार आहेच," त्या म्हणाल्या. "आणि मायाळू किती! आम्हाला सोडून एक रात्र राहत नाही कुठे. साडेपाचला येईल. भेटूनच जा नं बाई."

"थांबते," चिन्मयी म्हणाली आणि तिकिटं तिने पर्समध्ये सरकवली.