घोडीचा उचललेला पाय

काल दवाखान्यात आयोडीनचा वास आला आणि मी वडनेरच्या त्या दुपारी जाऊन पोचले. लग्नात घोडी नाचवणं हा जुलूम आहे, असं पत्रक मी तेव्हा गावभर वाटलं होतं. ते ज्यांच्या घोडीवर लिहिलं, त्या करीमचाचांच्याच अंगणात मी तिचं खिंकाळणं ऐकून धावले. कुंपणाच्या तारेनं तिचा मागचा पाय फाटला होता. चाचा एकटेच होते.

"तुहं पत्रक वाचलं म्या," ते म्हणाले. "आता तिचा पुढचा पाय उचलून धर. तीन पायांवर तिले लाथ मारता येत नाही; सोडला त मले बसंन."

चाचांचं डोकं मागच्या खुराला लागूनच होतं. आयोडीन लागताच घोडीचं सगळं अंग थरथरलं आणि ती थरथर माझ्या हातांत उतरली. घामानं खूर निसटू लागला. एका माणसाचा जीव माझ्या बोटांत आहे, एवढंच मला कळत होतं.

"भेऊ नको, बेटा. झालंच," पट्टी गुंडाळताना चाचा म्हणत राहिले.

पट्टी बसली, तेव्हा मी पाय सोडला. त्या मराठी शब्दांनी ते घोडीला धीर देत होते, असंच मला इतकी वर्षं वाटत होतं. काल आठवलं, घोडीशी चाचा फक्त हिंदीत बोलायचे.