माळावरची हजेरी

इंग्रजांच्या राज्यात, बारामतीच्या शाळेत मी चौथीत असताना गुरुजी आम्हांला सुप्याच्या माळावर फासेपारध्यांची पालं दाखवायला घेऊन गेले. पारधी पोरं पळवतात असं घरी ऐकलेलं, म्हणून मी गुरुजींचं धोतर सोडत नव्हतो.

एका पालासमोर एक काटक म्हातारा फास विणत बसला होता. त्यानं ओठ दुमडून तित्तराचा आवाज काढला आणि गवतातून खऱ्या तित्तरानं उत्तर दिलं. पोरं हसली. माझी नजर मात्र त्याच्या कमरेच्या सुरीवरून हलेना.

निघताना मुलं मोजायला गुरुजींनी वही काढली आणि मोठ्यानं म्हणाले, “चला, हजेरी!”

म्हातारा ताडकन उठला. हात जोडून, मान खाली घालून म्हणाला, “हजर हाय, सायेब.” मागं बायका पोरांना ओढत रांगेत उभ्या राहिल्या.

“अहो, तुमची नव्हे, या मुलांची,” गुरुजी गडबडून म्हणाले.

“चुकलं, गुर्जी. आमा पारध्यांना सरकारी कायद्यानं रोज पाटलाकडं हजेरी द्यावी लागती. एक डाव पोचलो न्हाय, तर सा म्हैनं तुरुंगात हुतो.”

त्याचे हात अजून जोडलेलेच होते. इतका घाबरलेला मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. गुरुजींनी वही मिटली आणि आम्हांला नुसत्या बोटानं, न बोलता मोजलं.